सभापतींचा जावई

पालम गावात रॉकेलची रांग असो, एसटीतली जागा असो की दवाखान्यातला नंबर, आश्रुबा दमदार आवाजात एकच वाक्य म्हणायचा, "सभापतींचा जावई हाय मी." की झालं काम. लग्नापासून त्याला स्वतःचं नाव कुठं सांगावंच लागलं नव्हतं.

शेवटी बायकोच वैतागली. "तुमी लगीन माझ्याशी केलंय का माझ्या आबांशी?" असं म्हणून पंचफुला माहेरी निघून गेली. चार दिवस हातानं भाकरी थापून आश्रुबा थकला आणि तिला परत आणायला सासऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. त्यानं कडी वाजवली.

"कोण हाय?" आतून खुद्द सभापतींनी विचारलं.

"सभापतींचा जावई हाय मी."



"ते पंचफुला अजून ठरवायलीय. तोवर नुसतं नाव सांगा."