चेन पडली

सायकलवरून किल्ला, राजवाडा आणि दोन बागा बघायला अख्खी गल्ली निघाली, आणि आईने मलाही ओढलं. शाळा सोडल्यापासून आमचं बोलणं म्हणजे "जेवलास?" आणि "हो", एवढंच.

किल्ल्याच्या अलीकडे आई थांबली. "चेन पडली बघ रे." बाकीचे पुढे गेले. मी धुसफुसत खाली बसलो. चेन बसवेपर्यंत तिने विचारलं, "शाळेत नेमकं काय टोचायचं तुला?" आज पहिल्यांदा मी न भडकता सांगितलं.

राजवाड्याच्या अलीकडे पुन्हा पडली. "सगळे बघून परत येतील आता," मी म्हणालो. "राजवाडा कुठे पळतोय?" ती म्हणाली. मग बाबांच्या घोरण्यावरून आम्ही पोट धरून हसलो.

पहिल्या बागेच्या दारात तिसऱ्यांदा पडली, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "पाना दे इकडे. आता कायमची घट्ट करतो."

तिने पाना पुढे केला. तिची बोटं ग्रीसने काळीकुट्ट झाली होती. सकाळपासून चेनला हात तर फक्त मी लावत होतो.

मी पाना पिशवीत टाकला आणि चेन नुसतीच चढवली. अजून एक बाग बाकी होती.