आधी कुणाचं पान

सासूबाईंच्या शिवणकामाच्या दुकानाची वेबसाइट आम्ही दोघी जावा मिळून, वेबसाइटचा तयार सांगाडा देणारं एक फ्रेमवर्क शिकता शिकता, बनवत होतो. मी निळ्या काठाच्या पानाचं टेम्प्लेट, म्हणजे साच्याची फाइल, जीव ओतून सजवलं, सासूबाईंना हौसेनं बोलावलं, वेबसाइट उघडली, तर समोर धाकटीचं फुलाफुलांचं पान. “सुंदर गं,” त्या तिच्याकडे बघत म्हणाल्या. “माझी फाइल पुसलीस ना?” मी कुजबुजले. धाकटी हसली. “नाही हो ताई. दोघींच्या फाइलचं नाव एकच. फ्रेमवर्कला फोल्डरांच्या यादीत जी आधी सापडते, तीच ते दाखवतं. माझा फोल्डर वर आहे.” मी झटकन माझा वर चढवला. पान निळं झालं. “अगंबाई, हे तर त्याहून देखणं,” सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तोऱ्यात धाकटीकडे पाहिलं. तिचं हसू मावळलं होतं, मघाशी माझं मावळलं तसंच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती मला सख्खी वाटली.