हळदीतली बांगडी

उष्टी हळद लावून झाली आणि ऋजुताच्या हिरव्या चुड्यातली एक बांगडी पिवळी दिसली. चुड्यातली प्रत्येक बांगडी एकेका आजाराची चाहूल रक्तातून आधीच ओळखायची, आणि ही नेमकी ल्युपसची, शरीर स्वतःवरच उलटतं त्या आजाराची! रक्तातली प्रतिपिंडं मूत्रपिंडांच्या जिवावर उठू लागली, की तीच पिवळी व्हायची. हळदच असेल, म्हणत ऋजुतानं न्हाणीघरात ती घासघास घासली. रंग जाईना. मागे वळली, तर दारात होणाऱ्या सासूबाई, कुमुदताई!

“आई, आता लग्न...” ऋजुतानं बांगडीचा हात पदराआड घेतला.

“लग्नाला काय झालं? माझ्या बहिणीला मूत्रपिंडं सुजल्यावर कळलं होतं. तुझ्या मूत्रपिंडांना अजून पत्ताही नाही! डॉक्टरांना फोन लाव, आजच औषध सुरू करू.” कुमुदताईंनी हाताची हळद तिच्या नाकाला फासली. “आणि बाहेर चल लवकर. नवरीपेक्षा बांगडीच जास्त पिवळी झालीय!”