फायलीच्या जागची चिठ्ठी

“फाईल सापडत नाही,” असं कारकुनाने त्या आठवड्यात तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा म्हातारीने अर्ज परत घेतला नाही. उलट खिडकीतून आणखी आत सरकवला.

फाईल होती सरकारी इस्पितळातल्या लिफ्टच्या तपासणीची. महिन्यापूर्वी त्या लिफ्टचा दोर तुटला. लिफ्टमन म्हणजे या म्हातारीचाच मुलगा. त्याच्या पायाला प्लास्टर लागलं आणि हातात निलंबनाचं पत्र पडलं. त्याने जास्त माणसं भरली, असा ठपका. सोमवारी चौकशी, आणि आज शुक्रवार. मुलगा बाहेरच्या बाकावर पाय लांब करून बसला होता. महिनाभर त्याने घरात कुणाच्या नजरेला नजर दिली नव्हती.

“मावशी, आता तुम्हाला मी काय सांगायचं,” कारकून आवाज उतरवून म्हणाला. “सगळ्या मांडण्या पालथ्या घातल्या. नाही म्हणजे नाही.”

तिला असं सांगायचं म्हणजे कारकुनाची पंचाईतच होती. याच रेकॉर्ड रूममध्ये तिने एकतीस वर्षं फायली बांधल्या होत्या आणि हा कारकून तिच्याच हाताखाली तयार झाला होता. आत साहेबांच्या केबिनचं दार आज नेहमीपेक्षा जरा जास्त उघडं होतं.

“नसेल,” म्हातारी म्हणाली. “फाईल नकोच आहे मला. अर्ज वाच की नीट.”

राज्याच्या कायद्याने कुणालाही कचेरीत येऊन सरकारी कागद पाहता येत होता आणि दाखवायचा नसेल तर का नाही, ते लेखी द्यावं लागत होतं. तशी पाटीच कारकुनाच्या डोक्यामागे टांगलेली होती. पण असा अर्ज त्याच्याकडे कधी आला नव्हता. म्हातारीने मागितली होती ती फायलीच्या जागी ठेवलेली चिठ्ठी.

फाईल मांडणीवरून काढली, की तिच्या जागी चिठ्ठी खोचायची. कधी काढली, कुणासाठी, कशासाठी. हे अंगवळणी पडेपर्यंत मावशी नव्या माणसाचं डोकं खायची. “नुसतं ‘कामासाठी’ लिहू नकोस, काय काम ते लिही,” हे तिने इतक्या वेळा ऐकवलं होतं, की कारकुनाने झोपेतही तसंच लिहिलं असतं.

आणि नेमकं तेच झालं होतं. साहेबांनी फाईल गुपचूप आणायला सांगितली, त्याने गुपचूप नेऊन दिली. पण त्याआधी हाताने सवयीने चिठ्ठी लिहून खोचली होती. ती त्याला आठवली आत्ता, अर्ज वाचताना. त्याचा चेहरा उतरला.

“आहे ना चिठ्ठी?”

त्याने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

“नसेल तर तसं लिहून दे. बिनचिठ्ठीची फाईल गेली आणि ताबा तुझ्याकडे होता, असं. खाली सही कर.”

“आजी, आटपा जरा,” रांगेतून कुणीतरी म्हणालं.

“मी आटपतेच आहे बाबा. हाच अडलाय.”

“मावशी,” कारकून पुटपुटला, “नोकरी जाईल माझी.”

तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. हा डबा विसरला, की आपल्यातलं अर्धं ती त्याच्यापुढे ठेवायची. पण खिडकीवरून ती हलली नाही.

“माझ्या मुलाची जायलाच आलीय,” ती म्हणाली. “त्याने काही केलेलं नसताना. आणि तू तरी काय वावगं केलंस? चिठ्ठी ठेवलीस.”

“काय चाललंय तिकडे?” केबिनमधून आवाज आला.

“पाहणीचा अर्ज आहे, साहेब,” कारकून म्हणाला. किल्ल्या घेऊन उठला आणि मांडण्यांमध्ये दिसेनासा झाला.

परत आला तेव्हा त्याच्या हातात बोटभर रुंदीचा कागद होता.

“मोठ्याने वाच,” म्हातारी म्हणाली. “चष्मा नाही आणलेला.”

चष्मा तिच्या नाकावरच होता.

“लिफ्ट तपासणी फाईल. सतरा तारीख, संध्याकाळी सहा. साहेबांसाठी.” अपघात सतरालाच दुपारी झाला होता. कारकुनाने आवाज चढवला. “कशासाठी? दोर झिजला आहे, लिफ्ट ताबडतोब बंद ठेवावी, हा शेरा असलेलं पान साहेबांना पाहायचं आहे.”

केबिनचं दार बंद झालं. कारकुनाने नकलेवर मारायचा शिक्का पुढे ओढला. आता रांगेत कुणालाच घाई नव्हती.

बाकावरचा मुलगा भिंतीला धरत धरत दारापर्यंत आला होता.

“दादा,” तो म्हणाला, “परत एकदा वाच ना.”