शेजारचं झाड

शहाऐंशी सालच्या एका संध्याकाळी घाटकोपरच्या चाळीतल्या गॅलरीत मऊ पिवळं ऊन पसरलं होतं. वनस्पतींच्या रसायनांवर संशोधन करणाऱ्यांच्या संस्थेने प्रेमाला दिलेलं पदक तिच्या वडिलांच्या, दत्तारामच्या तळहातावर होतं. रंगाच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला दत्ताराम आता आरामखुर्चीत पडून असायचा आणि खोकायचा. डोळे मिटूनच त्याने विचारलं, "काय शोधलंस गो तू?"

प्रेमा त्याच्या पायाशी बसली. "बाबा, झाडाला अळी लागली ना, की त्याच्या पानांतून एक वास सुटतो. आपल्याला तो येत नाही. शेजारच्या झाडाला कळतो, आणि अळी पोचण्याआधीच ते आपली पानं कडू करून ठेवतं."

दत्ताराम हसला. मिटल्या डोळ्यांआड त्याला ती पानं हळूहळू हलताना दिसत असावीत. "आणि पयल्या झाडाक काय गावता?"

"काही मिळत नाही. त्याची पानं गेलेलीच असतात."

त्याने डोळे उघडले. मग पदक तिच्या हातात देऊन भिंतीच्या आधाराने उठला आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथल्या लवूला सोमवारपासून त्याच कारखान्यात, त्याच खात्यात नोकरी लागली होती. त्याच्यासाठी शब्द दत्तारामनेच टाकला होता.

"लवू, बस जरा," तो म्हणाला. "डॉक्टर माझ्या छातीबद्दल काय बोललो, ता मी अजून घरात पण कोणाक सांगूक नाय."