ओवीचा हेवा

ओवीने बाळाचं तोंड तळहाताने झाकलं.

"सोड! ओवी, सोड म्हणते ना!" सुरुचीने तिचा हात काढला, तोवर बाळाने दूध सोडून टाहो फोडला होता. सकाळपासून ही तिसरी वेळ. सव्वातीन वर्षांची पोर पलंगाला चिकटून उभी होती आणि भावाच्या तोंडावरून नजर काढत नव्हती. हेवा करायला कुणी शिकवावं लागत नाही.

पंधरा दिवसांत तिचे सगळे प्रकार करून झाले होते. बाळ प्यायला लागलं की त्याचा मोजा ओढायची. आईच्या गाऊनची बटणं लावायला घ्यायची. एकदा तर दोघांच्या मधे आडवी झाली, रेल्वेच्या फाटकासारखी. एरवी मात्र पाळणा हलवायला हीच पहिली.

"लबाड आहे," मंदाकिनीबाई सुनेला म्हणायच्या. "पिताना तेवढं बघवत नाही तिला."

काल डॉक्टरांनी बाळाला काट्यावर ठेवलं आणि चष्मा वर सरकवला. जन्माचं वजन अजून भरून आलं नव्हतं. "दर दोन तासांनी पाजा. वरचं काही नाही, पाण्याचा थेंबही नको. आणि निवांत पाजा. निवांत, कळलं ना?"

सुरुचीला कळलं. निवांत म्हणजे ओवीशिवाय.

"शौनकही असाच होता," रात्री जेवताना मंदाकिनीबाईंनी मुलाकडे बोट केलं. "पद्मजा झाली तेव्हा तिच्या दंडाला चावला. महिनाभर मामाकडे ठेवला, आला तो सरळ होऊन."

"अजून पद्मजा दंड दाखवते मला," असं म्हणून शौनकने बहिणीला फोन लावला.

ठरलं. ओवी दीड महिना आत्याकडे, कात्रजला. वाघोलीहून कात्रज म्हणजे शहराचं दुसरं टोक. उठून भेटून यावं असं अंतर नाही. पद्मजा आज पाच वाजता न्यायला येणार होती. सुरुचीने बॅग स्वतः भरली. फ्रॉकच्या घड्या घालताना तिला रडू आलं. मग काट्यावरचा आकडा आठवला आणि तिने चेन ओढली.

"बाळ पण येणार?" ओवीने विचारलं.

"नाही."

"मग त्याच्याकडे कोण बघणार?"

"आम्ही इतकी माणसं काय करतोय इथे?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आपण नका काळजी करू."

पावणेपाचला सुरुचीने बाळाला घेतलं. ओवी आसपास नव्हती. बाळ घटाघटा पिऊ लागलं, घोटाघोटाला त्याचा गळा हलत होता. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. सुरुचीचे डोळे मिटले.

छातीला काहीतरी खरखरीत लागलं. तिने डोळे उघडले. ओवी शेजारी गुडघ्यांवर बसली होती आणि ओलं, पांढरं बोट बाळाच्या ओठांत घालत होती.

"अगं, काय कोंबतेस त्याच्या तोंडात!" मंदाकिनीबाई दारातून ओरडल्या. सुरुचीचा हात त्याआधीच उठला होता. पाठीत चापट बसली. ओवीला आईने मारलेली ही पहिलीच. तिची मूठ उघडली आणि साखर चादरभर पसरली.

ओवी रडली नाही.

"साखर आहे," ती म्हणाली. "औषधानंतर तू मला देतेस ना, तशी. ते कडू आहे म्हणून."

"काय कडू आहे?"

ओवीने आईच्या छातीकडे बोट दाखवलं.

सुरुचीने सासूकडे पाहिलं. सासूने बाल्कनीतल्या कोरफडीकडे. सात महिन्यांपूर्वी, पुन्हा दिवस राहिल्याचं कळलं त्याच आठवड्यात, ओवीचं अंगावरचं दूध तोडायचं ठरलं होतं. पान मंदाकिनीबाईंनी चिरून दिलं. गर सुरुचीने स्वतःच्या हाताने लावला. "आईचं दूध कडू झालं गं, काय करणार?" ओवीने दोनदा तोंड लावलं, दोनदा थुंकली आणि पुन्हा कधी मागितलं नाही. दोन दिवसांत सुटली, काय शहाणी मुलगी, असं सोसायटीभर सांगून झालं होतं.

"म्हणून त्याला पिऊ देत नव्हतीस?"

"तो लहान आहे," ओवी म्हणाली. "त्याला थुंकता येत नाही."

मंदाकिनीबाईंनी पदराने बाळाच्या ओठांवरची साखर टिपली आणि शौनकला हाक मारून सांगितलं, "पद्मजाला फोन कर. म्हणावं, येऊ नकोस."

सुरुचीने एका हाताने ओवीला जवळ ओढलं. तिच्या पाठीवरून, चापट बसली होती तिथूनच, हात फिरवत राहिली. "नाही गं माझ्या राणी. कडू नाहीये ते. गोड आहे, अगदी गोड. बघ ना, कसा पितोय."

बाळाने पुन्हा तोंड लावलं होतं. त्याच्या मुठी सैल पडल्या होत्या. ओठाच्या कोपऱ्यातून दुधाची बारीक धार हनुवटीवर आली होती.

ओवी बघत राहिली. बराच वेळ. आधी त्याच्याकडे, मग आईकडे. हळूहळू तिने आपली पाठ आईच्या हाताखालून काढून घेतली. चापटीला न हललेला तिचा ओठ आता थरथरला.

"मग मलाच का कडू दिलंस?"