मुहूर्तावरची संख्या

“शाल्मलीला मघाशीच नेलं की, बाई,” शाळेच्या फाटकावरचे गोडांबे म्हणाले.

इरावतीने नवऱ्याला फोन लावला. तो ऑफिसातच होता.

शाल्मलीच्या बिल्ल्यावर सहाशे अंकी संख्या होती, कुणीही वाचावी अशी. आईबाबांच्या तीनशे-तीनशे अंकी दोन गुप्त मूळ संख्यांचा तो गुणाकार. एक आणि ती स्वतः सोडून तिला निःशेष भागणारी संख्या दिली, तरच फाटक मुलीला सोडायचं. आणि ती आईबाबांखेरीज कुणाला सापडणं शक्यच नव्हतं.

गोडांबेंनी फाटकाच्या यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. कुणीतरी दिलेली संख्या अवघी नऊ अंकी होती. बाकी शून्य.

इरावतीला बारसं आठवलं. त्या दिवशी नोंदणीवाला इरावतीने दिलेली संख्या खरंच मूळ आहे ना, हे तपासत होता. चाळीस चाचण्यांपैकी एकच झाली होती आणि पाळण्याचा मुहूर्त टळत होता. “पुरे हो, मूळच आहे ती,” असं तिनेच म्हटलं होतं. ती मूळ नव्हतीच; तिचा छोटा भाजक कुणालाही शोधता आला असता.

“पोरगी रडली नाही? ओरडली नाही?”

“छे. हसत त्याचा हात धरून गेली,” गोडांबे म्हणाले. “फाटक ज्याला उघडतं तो आपला, हे तुम्हीच शिकवलंत ना तिला?”